तळटीप : मॉरिशसची मिळकत

मॉरिशस : लेखकाने बेटाच्या लहान आकारालाच त्याच्या गरिबीचे कारण मानले आहे, ते पटत नाही. बेट लहान आहे हे खरे : वसई-विरारची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सव्वाबारा लाखांच्या आसपास होती, मॉरिशसचीही जवळपास तेवढीच. १९६१मध्ये अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांच्या अहवालानेही, एकट्या उसावर तगलेल्या या वाढत्या लोकसंख्येविषयी निराशाच व्यक्त केली होती. पण १९७०मध्ये निर्यात क्षेत्राचा कायदा झाला, युरोपने साखरेला चढा हमीभाव दिला आणि त्यातला नफा तयार कपड्यांच्या कारखान्यांत वळला. तिथे शिलाईयंत्रांवर बसल्या त्या मुख्यतः बायका. घरात दुसरा पगार आला तो त्यांच्यामुळे. भारताशी १९८२मध्ये झालेल्या करकरारामुळे पैसा केवळ कागदोपत्री तिथून फिरला, हा आक्षेप अर्धाच खरा आहे : तो ओघ १९९१नंतर फुगला, कपड्यांची भरभराट ऐंशीच्या दशकातली. २०१९च्या १२,७४० डॉलर दरडोई उत्पन्नावर जागतिक बँकेने मॉरिशसला उच्च उत्पन्न गटात बसवले. कोविडने पर्यटन थांबवताच वर्षभरात ते खाली उतरले. वसई-विरारशी तुलना मात्र जपून करावी, कारण इथल्या हजारो घरांचा पगार सकाळच्या चर्चगेट लोकलने मुंबईत जाऊन मिळवलेला असतो.