विकावयाचे घर आणि घरातील वेदी

'पोर्तुगीजकालीन घर, संपूर्ण दुरुस्ती केलेले, विकणे आहे' अशा अर्थाच्या जाहिराती गोव्यात आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. काळापुरते ते विशेषण ठीक आहे. मात्र लोटली-चांदोरची ही घरे पोर्तुगीजांची होती, असे कोणी समजू नये. बहुतेक घरे गोमंतकीय कुटुंबांनीच बांधली. भिंतींना तांबडा चिरा, खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने. मंगळुरी कौले मात्र बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढल्यानंतरची.

एवढी मायेने बांधलेली घरे विकली का जातात? विकणाऱ्याला दोष देण्याची आपल्याला घाई असते. परंतु याचे एक कारण कायद्यात आहे. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली. तिची कौटुंबिक तत्त्वे १९६१ च्या मुक्तीनंतरही टिकली. वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्यात आला असून तो डिसेंबर २०१६ पासून अमलात आहे. या व्यवस्थेत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो, आणि मुले असतील तर मृत्युपत्राने फार तर अर्ध्याच मालमत्तेची व्यवस्था लावता येते. सामान्यतः पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असल्याने जोडीदाराच्या सहीवाचून घर विकता येत नाही. सहा विवाहित भावंडे असली, तर बारा सह्या! त्यांतील कोणी मुंबईला, कोणी लिस्बनला. न्याय म्हणून ही व्यवस्था आम्हांला प्रिय आहे. आपल्याकडे बहिणींचे हक्क 'सोडून' घेण्याची रीत आठवली की अधिकच. पण सह्यांची वाट पाहता पाहता कित्येक छपरे कोसळली. वारसांपैकी एकाने बोली लावून इतरांचे वाटे घ्यावेत, असाही मार्ग आहे; तेवढी ऐपत कोणाची नसली, की परक्याचा पैसा येतो. त्या पैशाने घर निदान उभे तरी राहते, हे मान्य केलेच पाहिजे.

चांदोरचे ब्रागांझा कुटुंबाचे प्रसिद्ध घर विकले गेले नाही, विभागले गेले. दर्शनी भाग एक. आत दोन शाखांचे दोन संसार. पूर्वेकडील भागाच्या चॅपेलमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नखाचा अवशेष जपलेला आहे.

आमचा प्रश्न येथेच उद्भवतो. विक्रीच्या करारात जमीन येते, छप्पर येते, वेदीचे काय? जिच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या जपमाळ झाली, तिचे कोरीव कपाट जुन्या लाकूडसामानात मोजले जाते, आणि दुरुस्तीनंतर त्यात मद्याच्या बाटल्याही मांडल्या जाऊ शकतात. १९८३ च्या कॅनन लॉ संहितेचे म्हणणे स्पष्ट आहे. पवित्र वस्तू खाजगी मालकीच्या असल्या, तर दुसरी खाजगी व्यक्ती त्या घेऊ शकते. मात्र त्यांचे पावित्र्य संपुष्टात आले नसेल, तर ऐहिक कामासाठी त्या वापरता येत नाहीत (कलम १२६९). संतांच्या अवशेषांची तर विक्रीच निषिद्ध आहे (कलम ११९०).

म्हणून बारा सह्या होण्यापूर्वी भावंडांनी एक संध्याकाळ त्या वेदीपुढे बसावे. क्रूस कोणाकडे जाईल, संतांच्या मूर्ती कोणाकडे, वेदी धर्मग्रामाच्या चर्चला द्यावयाची काय, हे तेथेच ठरवावे आणि धर्मगुरूंना बोलवावे. गवंडी नंतर येवोत.