पणजोबांची बंदूक, कलकत्त्याच्या दहा पेट्या आणि आपला शस्त्र कायदा

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवड काढून वाचा, कारण विषय तुमच्या-आमच्या माळ्यावर पडलेल्या वस्तूचा असू शकतो.

कोकणात, घाटमाथ्यावर, जुन्या वाड्यांत ठासणीची बंदूक असलेली घरं आजही सापडतात. पणजोबांनी डुकरं हाकायला घेतलेली, नाहीतर कुणा संस्थानिकाने इनामात दिलेली. आजोबांच्या नावावर परवाना होता, आजोबा गेले आणि बंदूक भिंतीवर राहिली. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "अहो, ती अँटिक आहे, तिला कसला परवाना?" हे वाक्य किती महागात पडू शकतं ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास बघू, कारण हा कायदा आभाळातून पडलेला नाही.

१८५७ नंतर इंग्रजांनी पहिलं काम काय केलं, तर लोकांच्या हातातली हत्यारं काढून घेतली. १८५७ आणि १८६० साली त्यासाठी कायदे झाले. पण खरा घट्ट फास आला तो मार्च १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या काळात. गंमत बघा, देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बंद करणारा कायदाही त्याच महिन्यातला. एका हाताने लेखणी, दुसऱ्या हाताने बंदूक! आणि हा शस्त्र कायदा सगळ्यांना सारखा नव्हता. गोऱ्या माणसाला सूट, हिंदी माणसाला परवाना. कुर्गच्या कोडवा लोकांना मात्र सूट मिळाली, ती आजही वेगळ्या रूपाने चालू आहे.

आपल्याकडे तेव्हा दुष्काळ नुकताच सरत होता. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशी सोबत्यांना घेऊन बंड केलं. म्हणजे कायदा झाला म्हणून हत्यार थांबलं असं काही घडलं नाही.

काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याबद्दल ठराव केला. गांधीजी अहिंसावाले, तरी १९३० मध्ये व्हाइसरॉय आयर्विनपुढे त्यांनी ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यात स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाने मिळावेत, हीसुद्धा एक मागणी होती. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. तक्रार परवान्याच्या पद्धतीबद्दल फारशी नव्हती. परवाना कातडीचा रंग बघून दिला जातो, ही खरी तक्रार होती.

आता मुख्य गोष्ट. बेकायदा शस्त्र येतं कुठून? आपल्याला वाटतं चोरवाटेने, रात्री, बोटीतून. तसंही येतं. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला धाडली, १९०९ साली. त्यातल्याच पिस्तुलाने २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही हा प्रसंग ठाऊक असतो.

पण त्याहून बोलकं प्रकरण कलकत्त्याचं आहे आणि त्यात एकही चोरवाट नाही. रॉडा आणि कंपनी हे तिथलं नावाजलेलं बंदुकीचं दुकान. परवानाधारक, सरकारमान्य, सगळं चोख. २६ ऑगस्ट १९१४ या दिवशी कंपनीचा कारकून शिरीषचंद्र मित्र कस्टममधून माल सोडवायला गेला. २०२ पेट्या सोडवल्या. रीतसर कागद, रीतसर सही. बैलगाड्या भरल्या आणि गोदामाकडे निघाल्या. गोदामात पोचल्या १९२ पेट्या. "उरलेल्या घेऊन येतो," म्हणून बाबू गेला तो गेलाच. कंपनीने तीन दिवस वाट पाहिली आणि मग पोलिसांत वर्दी दिली. तीन दिवस! त्या दहा पेट्यांत ५० मॉझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं होती.

पुढे १९१८ मध्ये रौलट समितीने अहवाल दिला. त्यातली नोंद अशी, की ५० पैकी ४४ पिस्तुलं जवळजवळ लगेच बंगालमधल्या नऊ क्रांतिकारी गटांत वाटली गेली, आणि त्यानंतरच्या ५४ दरोड्या-खुनांच्या किंवा तशा प्रयत्नांच्या घटनांत ती वापरली गेली. अहवाल होईपर्यंत ३१ पिस्तुलं पोलिसांना परत मिळाली होती. १९१५ मध्ये बालासोरजवळ बाघा जतीन आणि त्यांचे सोबती शेवटची झुंज लढले, तेव्हाही त्यांच्या हाती मॉझर होती.

क्रांतिकारकांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, त्यावर कुणी कमेंटमध्ये वाद घालू नये. मुद्दा निराळा आहे. ही पिस्तुलं आकाशपाताळ एक करून पकडली गेली नाहीत, ती ओळखता आली ती वहीमुळे. प्रत्येक पिस्तुलावर नंबर होता आणि दुकानाच्या दप्तरात त्या नंबरांची नोंद होती. कुठल्याही गावात मॉझर सापडलं, की नंबर बघायचा आणि म्हणायचं, हे रॉडाच्या पेटीतलं. एका कारकुनाने माल फोडला आणि दुसऱ्या कारकुनाच्या वहीने तो ओळखू आणला. शस्त्र कायद्याचं सगळं मर्म या एका प्रकरणात आहे असं मला वाटतं. परवानाधारक दुकान हीच गळतीची जागा आणि तीच पकडण्याचीही जागा.

स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा आला. शस्त्र बनवायला, विकायला, दुरुस्त करायला परवाना हवा, ते बाळगायलाही हवा. ज्याला बाळगायचा हक्क नाही त्याला जाणूनबुजून शस्त्र देणं आणि विनापरवाना माणसाकडून ते विकत घेणं, हे दोन्ही गुन्हे. इथपर्यंत सरळ आहे. वाकडं येतं कलम ४५ मध्ये, आणि तिथेच आपली पणजोबांची बंदूक आहे.

या कलमात जुन्या शस्त्राला सूट आहे, खरं आहे. पण शब्द नीट वाचा. जुन्या घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं शस्त्र, जे दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येत नाही, अशालाच सूट. "दुरुस्ती करूनही" ही मेख आहे बघा. ठासणीच्या बंदुकीचा घोडा मोडलाय, पण गावच्या लोहाराने तो तासाभरात बसवला, तर तुमची सूट गेली. म्हणजे वय शंभर वर्षं असो की दीडशे, कायदा बंदुकीला विचारतो, तू अजून उडू शकतेस का?

त्यात आणखी एक कायदा आडवा येतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं जुनी वस्तू ही पुरावस्तू. तिचा धंदा करायचा तर वेगळा परवाना, आणि खासगी माणसाने ती परदेशी पाठवायला बंदी. तेव्हा "बंदूक अँटिक आहे" असं म्हणून आपण एका कायद्यातून सुटलो असं समजतो आणि दुसऱ्यात पाय टाकतो. जुन्या बाजारात तलवारी-बंदुका मांडून बसणाऱ्यांनी हे दोन्ही वाचायला हवेत. विकत घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

"इतकी जुनी बंदूक कोण वापरणार?" असा प्रश्न हमखास येतो. इंग्लंडमध्ये वापरली. तिथल्या कायद्यात जुन्या, काडतूस मिळेनाशा झालेल्या रिव्हॉल्वरना सूट होती, शोभेची वस्तू म्हणून. ग्लॉस्टरशायरमधला एक नोंदणीकृत विक्रेता ही रिव्हॉल्वरं आणून त्यांना बसतील अशी काडतुसं घरी बनवत होता. माल मध्यस्थामार्फत बर्मिंगहॅमच्या टोळ्यांकडे जायचा. शंभराहून जास्त गुन्ह्यांच्या ठिकाणी त्याची काडतुसं किंवा शस्त्रं सापडली. २०१७ मध्ये त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली, आणि २०२१ मध्ये तिथल्या सरकारने नियम बदलून सात प्रकारच्या जुन्या काडतुसांवरची सूट काढून टाकली. बंदूक जुनी होती, काडतूस नवं होतं आणि बनवणाऱ्याकडे परवाना होता.

आपल्याकडची गळती निराळ्या नळाची. देशी कट्ट्याच्या बातम्या रोज असतात, त्यावर वेगळं लिहायला लागेल. पण कागदाची गळती बघा. जम्मू-काश्मीरमधल्या परवाना घोटाळ्याचा तपास सीबीआयकडे गेला. आरोप असा, की २०१२ ते २०१६ या काळात अधिकारी आणि बंदूक विक्रेते यांच्या संगनमताने २.७८ लाखांहून जास्त परवाने अपात्र लोकांना दिले गेले. पावणेतीन लाख! कलकत्त्याच्या बाबूने निदान पेट्या पळवल्या होत्या. इथे आरोपाप्रमाणे पळवायची गरजच नव्हती, सही-शिक्का हाच माल.

२०१९ मध्ये कायदा दुरुस्त झाला. आधी एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता येत होती, आता दोन. विधेयकात तर एकच लिहिलं होतं, विरोध झाला म्हणून दोनवर आलं. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं. 'अवैध व्यापार' याची व्याख्या आली आणि त्यात नंबर-खुणा नसलेल्या शस्त्राची ने-आण हाही भाग आहे (रॉडाची वही आठवली ना?). अशा व्यापाराला किमान दहा वर्षं ते जन्मठेप. आणि लग्नात, वरातीत हौसेने निष्काळजीपणे गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

माझं मत विचाराल तर शिक्षा वाढवून फार काही होत नाही. ज्याची बंदूक कागदावर आहे तोच निवडणूक आली की ठाण्यात जमा करा म्हणून नोटीस खातो. रानडुकरांनी भात झोपवलं तरी शेतकरी परवान्याच्या नूतनीकरणासाठी तालुका आणि जिल्ह्याच्या खेपा घालतो. ज्याची कागदावर नाही त्याला नोटीस पाठवणार कुठल्या पत्त्यावर? विक्रेत्याची साठावही, काडतुसांचा हिशेब, परवाना देणाऱ्या कचेरीचं दप्तर हे वेळेवर आणि खरोखर तपासलं, तर निम्मं काम होईल. पण दप्तर तपासण्याचा फोटो पेपरात येत नाही ना!

आता ज्यांच्या माळ्यावर खरंच बंदूक आहे त्यांच्यासाठी. परवानाधारक वारला की ते शस्त्र तुमच्या ताब्यात असण्याचा आधार संपतो. कलम २१ सांगतं, विनाकारण उशीर न करता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. वारस म्हणून २०१६ च्या नियमांप्रमाणे स्वतःच्या नावावर परवाना मागता येतो. आजोबा हयात असतील तर आणखी सोपं आहे. त्यांचं वय सत्तर झालं असेल किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली असतील, तर त्यांच्या हयातीतच वारसाच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करता येतो. जमा करताना ठाण्याची असो की दुकानाची, पावती घ्या, आणि तिच्यावर नळीवरचा नंबर लिहिलाय का ते तिथेच उभं राहून बघा.