जयसिंगपुरात आमचे घर केव्हा आले? कागद काय सांगतात

जयसिंगपुरातल्या बऱ्याच जुन्या घरांत एक गोष्ट सांगितली जाते : "शाहू महाराजांनी आमच्या माणसाला बोलावून इथे जागा दिली." आमच्याही घरात ती आहे. खापरपणजोबा व्यापारी होते, पेठ वसताच आले आणि महाराजांनी बोट दाखवले ती जागा त्यांची झाली, असे मी लहानपणापासून ऐकत आले. गेली दोन वर्षे मी या गोष्टीमागचे कागद शोधते आहे. आपल्या घराचा असा माग काढू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून ही हकीकत सविस्तर.

आधी गावाविषयी. कोल्हापूर–मिरज रेल्वे १८९१ साली सुरू झाली. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ वसवली आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात याच रेल्वेमार्गावर, शिरोळ पेट्यात (पेटा म्हणजे तेव्हाचा तालुका), दुसरी पेठ आखली. तिला आपले जन्मदाते, कागलचे जयसिंगराव घाटगे, यांचे नाव दिले. सरळ रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, आणि गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक. पत्ता सांगताना आजही आपण "सातवी गल्ली", "दहावी गल्ली" असेच म्हणतो.

आखून वसवलेल्या पेठेत पिढीजात वतने नसतात, बलुत्यांची जुनी घडी नसते. म्हणून पहिल्या रहिवाशाचा माग इथे सुरू होत नाही. तो मूळ गावी सुरू होतो. आणि मूळ गाव कोणाच्या राज्यात होते, हा पहिला प्रश्न. आपल्या भोवती काही कोसांच्या टापूत करवीर, कुरुंदवाडच्या दोन पात्या, मिरजेच्या दोन पात्या, सांगली आणि इंग्रजी मुलूख अशी सरमिसळ होती. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. सांगली-मिरजेकडचा भाग दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. दप्तरेही त्याच वाटांनी गेली. चुकीच्या कचेरीत चार महिने घालवल्यावर मला हे समजले.

अमेरिकेत खानेसुमारीचे घरोघरचे तक्ते ७२ वर्षांनी खुले होतात, इंग्लंडमध्ये १०० वर्षांनी. तिथला माणूस घरबसल्या पणजोबांचे वय, धंदा आणि शेजारी पाहू शकतो. आपल्याकडे खानेसुमारीचे आकडे छापले गेले, पण घरांचे तक्ते शोधकाच्या हाती येत नाहीत. आपल्याला जमीन, जन्म-मृत्यू, शाळा आणि माणसांची तोंडे यांवरच भागवावे लागते.

आमच्याकडे तोंड होते ते हेळव्याचे. सुगीनंतर तो दारात येतो, पूर्वी बैलावरून, आता मिळेल त्या वाहनाने. धान्य घेतो आणि वही उघडून वंश वाचतो. त्याने सात पिढ्यांचे पुरुष सांगितले. जयसिंगपूर मात्र त्याच्या वहीत नाही. त्याच्या लेखी आम्ही अजून कृष्णाकाठच्या त्या मूळ गावचेच. आणि सातही पिढ्यांत बाईचे नाव एकही नाही.

शाळेचे जनरल रजिस्टर हा माझा आवडता कागद. संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले, त्यामुळे शेतकऱ्याच्या मुलाचेही नाव तिथे सापडण्याची आशा असते. जन्मतारखेवर मात्र विसंबू नये. जुन्या पिढीतली निम्मी माणसे १ जूनलाच जन्मली, ती गुरुजींच्या कृपेने! "पूर्वीची शाळा" हा रकाना पाहावा. कुटुंब कधी हलले ते तो सांगतो. जन्मनोंदीने मला एकदा चांगलेच चकवले होते. पणजोबांचा जन्म भलत्याच गावी नोंदलेला पाहून मी नवे मूळ गाव शोधून काढले. पहिले बाळंतपण माहेरी होते, हे आईने सांगितले तेव्हा माझे एक प्रकरण निकालात निघाले.

आता मुख्य कागद. घरच्या पत्र्याच्या पेटीत मोडीतला एक कागद होता. महाराजांनी दिलेले इनामपत्र म्हणून तो दसऱ्याला पूजेत ठेवला जाई. मोडी शिकून मी तो वाचला. इनाम कुठेच नाही. रक्कम भरून घेतलेल्या जागेचा तो कागद आहे. साल फसली १३२९. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९१९-२०. पेठ वसताच आलेल्यांत आम्ही नव्हतो. खाली सहीच्या जागी निशाणी आहे, ती नांगराची. लिहिता न येणारा कुणबी नांगर काढी, वाणी तागडी काढी. खापरपणजोबा व्यापारी नव्हते.

मग शेतकऱ्याने शेत सोडून पेठेत का यावे? मूळ गावच्या मृत्यूच्या नोंदबुकात १९१८ चा शरद उघडला. इन्फ्लुएन्झाची दुसरी, जीवघेणी लाट तेव्हा देशभर पसरली होती. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. नोंदबुकात रोजच्या एक-दोन नोंदींची पानेच्या पाने झाली आहेत, अक्षर घाईचे होत गेले आहे, आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द : ताप. त्यांत अठरा दिवसांत आमच्या घरची तीन माणसे आहेत. खापरपणजोबांचे वडील, थोरला भाऊ आणि "मुलगी, वय ४". ती त्यांची मुलगी. तिचा उल्लेख घरात कोणी कधी केला नव्हता.

याच कारणाने ते गाव सोडून आले, असे कोणताही कागद म्हणत नाही. मी फक्त दोन तारखा शेजारी ठेवते.

शेवटचा कागद वारस नोंदीचा. प्रॉपर्टी कार्डावर धारकांची नावे मिळतात. त्यामागची नगर भूमापनाची चौकशी नोंदवही मागावी, कारण जागा कोणाकडून कोणाकडे कशी आली ते तिच्यात असते. खापरपणजोबांच्या मृत्यूनंतर तिथे एक नाव चढले आहे, त्यापुढे "कोम" आणि नवऱ्याचे नाव. "बिन" म्हणजे मुलगा, "कोम" म्हणजे बायको. खापरपणजीला सगळे आक्काच म्हणत. तिचे खरे नाव आजोबांनाही ठाऊक नव्हते. नवरा गेल्यावर ते प्रथमच सरकारी कागदावर आले.

त्या पानाची छायाप्रत मी आजोबांना दिली. त्यांनी चष्मा पुसून नाव दोनदा वाचले. इनामपत्राबद्दल मी काही बोलले नाही, तेच म्हणाले, "दसऱ्याला हाही कागद ठेव."