जुन्या पिकअपमधला गिअरबॉक्स कोणता, हे कसे ओळखायचे?

गाडीच्या आरसीवर चासी नंबर असतो, इंजिन नंबर असतो. गिअरबॉक्सचा नंबर नसतो. इंजिन बदलले तर आरटीओकडे नोंद करावी लागते, पण गिअरबॉक्स बदलला तर कागदावर त्याची खूण उरत नाही. त्यामुळे गाडी मुळात कोणती होती एवढेच कागदावरून कळते. आज तिच्या पोटात काय आहे, ते खाली वाकूनच पाहावे लागते.

लातूर, औसा, उदगीर भागात सोयाबीन आणि तूर बाजारात आणणाऱ्या अनेक पिकअप दोन-तीन मालकांच्या हातून गेलेल्या असतात. मधल्या एखाद्या मालकाने गिअरबॉक्स फुटल्यावर भंगारातून दुसरा आणून बसवला असेल, तर ते पुढच्याला सांगितलेले असतेच असे नाही. सोयाबीनची आवक ऐन भरात असताना दुसरा गिअर खरखरू लागतो, मालक दुकानात जाऊन गाडीच्या नावाने सिंक्रो रिंग आणतो आणि ती बसत नाही. मेस्त्रीने गिअरबॉक्स खोलून ठेवलेला असतो, भाडे दुसऱ्या गाडीला गेलेले असते.

तरीही सुरुवात कागदापासूनच करावी. चासी नंबर १७ अक्षरी असेल, तर बहुतेक गाड्यांत त्यातले दहावे अक्षर किंवा अंक वर्ष दाखवतो. १ ते ९ म्हणजे २००१ ते २००९. त्यानंतर ‘ए’ म्हणजे २०१०, ‘बी’ म्हणजे २०११ असे पुढे जाते. ‘आय’ वापरत नाहीत, कारण ते एकासारखे दिसते, म्हणून ‘एच’ २०१७ आणि लगेच ‘जे’ २०१८. एमएच-२४ किंवा एमएच-५५ या पाटीवरून गाडीची नोंदणी लातूरची की उदगीरची एवढेच कळते, बनावटीचे साल नाही. सुटा भाग मागताना मॉडेलइतकेच हे सालही महत्त्वाचे असते, कारण एकाच नावाची गाडी वर्षानुवर्षे विकली जाते आणि आतला गिअरबॉक्स बदलत राहतो.

टाटाच्या गाड्यांत गिअरबॉक्सचे नाव बहुधा ‘जीबीएस’ने सुरू होते. ४०७ ट्रकचा जीबीएस २७ मेस्त्री लोकांच्या तोंडात बसलेला आहे. २०७ डीआय पिकअपच्या माहितीपत्रकात जीबीएस ७६-५/४.१० असे लिहिलेले सापडते. तिरप्या रेघेआधीचा ५ म्हणजे पुढचे पाच गिअर, आणि ४.१० म्हणजे पहिल्या गिअरचे प्रमाण. महिंद्राकडे नावांची सरमिसळ जास्त आहे. जुन्या जीपपासून चालत आलेला टी-९० तीन गिअरचा, प्यूजो इंजिनाच्या काळातला बीए-१० वेगळा, आणि नंतरच्या बोलेरो घराण्यात दिसणारा एनजीटी ५२० पाच गिअरचा. ‘महिंद्राचा गिअरबॉक्स’ एवढ्यावर दुकानदाराला काही देता येत नाही.

हे नाव किंवा नंबर गिअरबॉक्सच्या अंगावर दोन ठिकाणी शोधावा. एक म्हणजे रिव्हेटने ठोकलेली छोटी पत्र्याची पट्टी. ती बऱ्याचदा पडून गेलेली असते. दुसरे म्हणजे हाऊसिंगच्या ओतकामातच उठून आलेला नंबर. तो पडत नाही, फक्त ग्रीस आणि चिखलाच्या थराखाली दडतो. डिझेल आणि तारेच्या ब्रशने ती जागा साफ करून मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. मात्र ओतकामाचा नंबर फक्त त्या कवचाचा असतो. एकाच कवचात वेगवेगळ्या दातांचे गिअर बसवलेले असू शकतात.

गिअरबॉक्स मूळचा नाही, याच्या खुणा नंबरापेक्षा लवकर दिसतात. आडव्या पट्टीला गॅसने पाडलेली नवी भोके, माउंटिंगखाली घातलेल्या पट्ट्या, मध्येच कापून वेल्डिंग केलेला प्रोपेलर शाफ्ट. गिअरच्या मुठीवर पाच गिअरचा नकाशा आणि प्रत्यक्षात पडतात चारच, हेही होते. सुरुवातीची टाटा एस चारच गिअरची होती, त्यामुळे तिथे चार पडले तर घाबरू नये. जुन्या गाडीत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते. काटा साठ दाखवतो आणि मोबाईलचा जीपीएस पंचेचाळीस, तर त्या केबलचा गिअर किंवा अख्खा गिअरबॉक्स बदललेला असण्याचा संशय घ्यावा. टायरचे माप बदलल्यानेही असा फरक पडतो, पण सहसा इतका मोठा नाही.

गिअरबॉक्स खाली उतरवलेलाच असेल, तर सगळ्यांत खात्रीची परीक्षा हाताने होते. पहिला गिअर टाकावा, दोन्ही शाफ्टवर खडूची खूण करावी आणि इनपुट शाफ्ट फिरवत फेरे मोजावेत. आउटपुटचे दहा फेरे होईपर्यंत इनपुटचे ४१ झाले, तर प्रमाण ४.१०. एकाच फेऱ्यावर मोजले तर खडूच्या जाडीइतकी चूकही जाणवते, म्हणून दहा. भंगारातून गिअरबॉक्स घेतानाही पैसे देण्याआधी हे करता येते. त्याच वेळी इनपुट शाफ्टवरचे खाचदात मोजून आपल्या क्लचप्लेटशी जुळवावेत.

ऑटोमॅटिकचा प्रश्न मराठवाड्यातल्या जुन्या पिकअपमध्ये जवळपास येतच नाही. भारतात इसुझू व्ही-क्रॉस २०१९ मध्ये आणि टोयोटा हायलक्स २०२२ मध्ये ऑटोमॅटिकसह आल्या, त्या अजून जुन्या म्हणाव्यात अशा नाहीत. अमेरिकेत मात्र ऑटोमॅटिक पिकअप पन्नास-साठ वर्षे जुन्याही सापडतात, आणि तिथले मेस्त्री खालच्या तेलाच्या पॅनचा आकार पाहून व बोल्ट मोजून ओळख पटवतात. फोर्डच्या सी-४ला ११ बोल्ट, सी-६ला १७. जनरल मोटर्सच्या टीएच-३५० आणि टीएच-४०० दोन्हींना १३, म्हणून तिथे पॅनच्या आकारावर निवाडा होतो.

गिअरबॉक्स ओळखल्याशिवाय तेलही घालू नये. बऱ्याच जुन्या मॅन्युअल गिअरबॉक्सना ८०डब्ल्यू-९० जीएल-४ प्रतीचे तेल सांगितलेले असते, मागच्या क्राऊनला जीएल-५. डबा एकच आणला की दोन्हीकडे जीएल-५ जाते. त्यातली गंधकयुक्त द्रव्ये क्राऊनच्या दातांना वाचवतात, पण पितळी सिंक्रो रिंग हळूहळू खातात. जुने तेल काढताना ते परातीत धरून उन्हात पाहावे. पिवळी चमचम दिसली, तर ती रिंगांची भुकटी असते.