‘ढ’ गावाची गोष्ट

एखाद्या मुलाला ‘ढ’ म्हणणे आपल्या वर्गांना नवे नाही. इंग्रजी शाळांत याच अर्थाचा शब्द होता ‘डन्स’. गंमत म्हणजे हे एका गावाचे नाव आहे.

डन्स हे स्कॉटलंडच्या आग्नेय भागातले, इंग्लंडच्या सीमेजवळचे छोटे गाव. तेथे १२६६च्या सुमारास जॉन डन्स स्कोटस जन्मला, असे परंपरा सांगते. पुढे तो फ्रान्सिस्कन पंथाचा साधू झाला, ऑक्सफर्ड आणि पॅरिसला शिकवू लागला. त्याचा युक्तिवाद इतका बारीक असे की त्याला ‘सूक्ष्मबुद्धी आचार्य’ अशी पदवी मिळाली. १३०८ साली तो वारला.

मग त्याचे नाव मठ्ठ मुलाला कसे चिकटले? सोळाव्या शतकात नव्या विद्येचे वारे वाहू लागले. स्कोटसचे अनुयायी मात्र जुन्याच पद्धतीला धरून राहिले. विरोधक त्यांना चेष्टेने ‘डन्स’ म्हणू लागले. आधी ‘शब्दांचा कीस काढणारा’ आणि नंतर ‘ज्याला काही शिकताच येत नाही तो’, असा अर्थ घसरत गेला.

आपल्या ‘ढ’चीही अशीच एक कथा सांगतात. ब्राह्मी लिपीपासून इतर अक्षरे बदलत गेली, ‘ढ’ जवळजवळ तसाच राहिला. म्हणजे दोन्ही शब्दांचा मूळ आक्षेप बुद्धीवर नव्हे, न बदलण्यावर आहे!

याच डन्समध्ये १८१७ साली स्टीफन हिस्लॉप जन्मले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, तेच हे. १८४५ साली मिशनरी म्हणून ते नागपूरला आले आणि तेथे शाळा चालवली. शिकवता शिकवता ते आसपासचे दगडही पाहत. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांना नागपूरजवळ टाकळी येथे लाव्हाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म सापडले. याचा अर्थ काय? एक लाव्हा थंड झाला, त्यावर तळी साठली, त्यांत जीव वाढले आणि मग पुढचा लाव्हा आला. काळा पाषाण एका झटक्यात तयार झालेला नव्हता. हे काम १८५५ साली लंडनला छापले गेले.

४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतत होते. वाटेत पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. गोंड आणि इतर आदिवासींविषयीची त्यांची टिपणे १८६६ साली प्रसिद्ध झाली.

डन्सच्या बागेत १९६६पासून स्कोटसचा पुतळा आहे. शब्दकोशात मात्र त्याच्या नावाचा तो जुना अर्थ अजून आहेच. चिकटलेले नाव सहजी सुटत नाही.

आम्ही संशोधकही कित्येकदा जुन्या कल्पनेला चिकटून बसतो. तेव्हा आम्हाला कोणी ‘ढ’ म्हणत नाही, नवा पुरावा समोर ठेवतात. पुढच्या वेळी तो शब्द ओठांवर आला, तर आपण स्वतःला एवढेच विचारू या : त्या मुलाच्या हातावर आपण अजून एखादा शंख ठेवून पाहिला आहे का?