बर्फावरील पायऱ्या

हॉकी हा शब्द कानी पडताच आपल्या मनासमोर मोकळे मैदान उभे राहते आणि ध्यानचंदांचे नाव ओठांवर येते. आज ज्या हॉकीविषयी बोलावयाचे आहे ती या हॉकीची दूरची बहीण होय. ती गोठलेल्या पाण्यावर खेळली जाते. पायांत पोलादी पात्यांचे बूट असतात, चेंडूच्या जागी कठीण रबराची काळी चकती असते आणि गोलरक्षक धरून एका बाजूचे केवळ सहा गडी एका वेळी बर्फावर उतरतात. लेह-कारगिलच्या श्रोत्यांना हे सांगण्याची आवश्यकता नाही. तेथे हिवाळ्यात तळी गोठली की हा खेळ आपोआप सुरू होतो. शिमल्यास तर १९२० सालापासून बर्फाचे क्रीडांगण आहे, आणि १९८९ साली भारत या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा सदस्यही झाला. तथापि आपला आजचा विषय या खेळातील विख्यात विजेते नव्हेत. वीस वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेचे जे खालचे थर आहेत, ज्यांची वार्ता वृत्तपत्रांच्या शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीतही क्वचितच येते, त्यांचा इतिहास मला आपणांपुढे मांडावयाचा आहे.

ही स्पर्धा अधिकृतपणे १९७७ साली चेकोस्लोव्हाकियात सुरू झाली. तत्पूर्वी तीन वर्षे, १९७४पासून, ती अनधिकृतपणे भरत होती. आरंभी आठ बलाढ्य देशांचा तो खाजगी मेळावाच होता म्हणाना! परंतु ज्या देशांना त्या आठांत स्थान नव्हते त्यांची मुलेही बर्फावर घसरत होती आणि पडत-उठत शिकत होती. त्यांच्यासाठी १९७९ साली ‘ब’ गट निघाला. १९८३ साली ‘क’ गट आला आणि १९९६ साली ‘ड’. २००१पासून या गटांची अक्षरे जाऊन ‘पहिला विभाग’, ‘दुसरा विभाग’ अशी नावे आली. नावे पालटली, पण मूळ तत्त्व तेच राहिले. प्रत्येक थरात जो पहिला येईल त्याने पुढील वर्षी एक पायरी वर चढावे आणि जो शेवटचा येईल त्याने एक पायरी खाली उतरावे. अलीकडच्या रचनेत माथ्यावर दहा संघ असतात. त्यांच्या खालच्या बहुतेक थरांत सहा-सहा संघांची स्पर्धा असून प्रत्येक संघाला आठवडाभरात पाच सामने मिळतात. आइसलंड, तुर्कस्तान, बल्गेरिया, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका अशा देशांची मुले त्या पाच सामन्यांसाठी वर्षभर सराव करतात. प्रेक्षकांत बहुधा आईबापच असतात.

इथपर्यंत हे सारे एखाद्या सुव्यवस्थित शाळेच्या इयत्तांसारखे वाटेल. पण या शाळेचा एक नियम विलक्षण आहे, आणि माझ्या मते या संपूर्ण इतिहासाची कळ त्या नियमातच आहे. ज्या सालाच्या नावाने स्पर्धा भरते त्या सालात ज्याला वीस वर्षे पूर्ण होतात, त्याची ती अखेरची स्पर्धा. पुढल्या वर्षी तो कितीही पराक्रमी असला तरी त्याला दार बंद! आता गंमत पाहा. संघाला वर चढविण्याचा खरा भार साहजिकच एकोणीस-वीस वर्षांच्या थोराड मुलांवर असतो. ती जिंकतात, देशाचे नाव वरच्या पायरीवर कोरले जाते, आणि त्या पायरीवर प्रत्यक्ष पाऊल ठेवण्यापूर्वीच त्यांचे वय सरते. वरच्या गटात जाऊन बलाढ्यांशी झुंजण्याचा मान त्यांच्या धाकट्या भावंडांना मिळतो, आणि सपाटून मार खाण्याची पाळीही त्यांच्यावरच येते. उलट एखाद्या वर्षीच्या मुलांनी स्थान गमावले, तर त्याचे प्रायश्चित्त पुढच्या वर्षीच्या निरपराध मुलांनी घ्यावयाचे. पायरी देशाची असते, वय मात्र मुलाचे असते, आणि या दोहोंची गाठ फार थोड्यांच्या बाबतीत पडते.

शांततेच्या काळात हा नियम फारसा खुपत नाही. पण देशच जागेवर राहिले नाहीत म्हणजे काय होते, हे १९९१च्या डिसेंबरात दिसून आले.

त्या वर्षीची स्पर्धा जर्मनीतील फ्यूसेन आणि काउफबॉयरन या गावी २६ डिसेंबरला सुरू झाली. आदल्याच रात्री मॉस्कोत क्रेमलिनवरील लाल निशाण उतरले होते. स्पर्धेला सोव्हिएत संघ म्हणून आलेली मुले स्पर्धा संपता संपता ‘स्वतंत्र राष्ट्रांच्या राष्ट्रकुला’ची मुले झाली, आणि त्याच नावाने त्यांनी सुवर्णपदक घेतले. त्या संघात लाटव्हियाचा सांडिस ओझोलिन्श होता, लिथुएनियाचा दारियुस कास्पाराइटिस होता. एकाच रंगाचा पोशाख घालून ते अखेरचे खेळले. पुढे प्रश्न आला वारशाचा. घर वाटले गेले म्हणजे माडी कोणाकडे आणि ओसरी कोणाकडे, हा वाद आपल्याकडील एकत्र कुटुंबांना नवा नाही. येथे माडी रशियाला मिळाली. युक्रेन, कझाकस्तान, लाटव्हिया, बेलारूस यांना सांगण्यात आले की तुम्ही नवे आहात, तेव्हा जिन्याच्या तळापासून आरंभ करा.

हा न्याय होता काय? नियमाच्या दृष्टीने त्यात दोष काढणे कठीण, कारण कोठून तरी प्रारंभ करणे भागच होते. पण पूर्व कझाकस्तानातील उस्त-कामेनोगोर्स्क या गावाकडे पाहिले म्हणजे मन थोडे अस्वस्थ होते. इर्तिश नदीच्या काठचे हे शिसे-जस्ताच्या कारखान्यांचे गाव. कारखान्यातील कामगारांच्या मुलांसाठी तेथे हॉकीची शाळा उभी राहिली आणि तिच्यातून एकापेक्षा एक खेळाडू निपजले. कझाकस्तानचा कनिष्ठ संघ म्हणजे पुष्कळ अंशी या एका गावाचाच संघ होता. ही मुले काल-परवापर्यंत जगज्जेत्या सोव्हिएत व्यवस्थेचा भाग होती. त्यांचे शिक्षक तेच होते, बर्फ तेच होते. नकाशावरची एक रेघ तेवढी ठळक झाली आणि ती जगाच्या शिडीवर तळाला गेली.

ती चढली. युक्रेन १९९५ साली माथ्याच्या गटात पोहोचले, कझाकस्तान १९९८ साली. त्या वर्षी फिनलंडमध्ये जे घडले ते कॅनडातील जुने लोक अद्याप विसरले नसतील. कॅनडाने १९९३ ते १९९७ अशी लागोपाठ पाच वर्षे सुवर्णपदक जिंकले होते, आणि तेथे ही स्पर्धा म्हणजे नाताळच्या सुटीतील घरोघरचा सण. तोच कॅनडा १९९८ साली घसरत घसरत सातव्या स्थानाच्या सामन्यात उतरला. प्रतिस्पर्धी होता पहिल्यांदाच वर आलेला कझाकस्तान. कझाकस्तानने तो सामना सहा विरुद्ध तीन गोलांनी जिंकला. त्या संघातील निक आंत्रोपोव्ह त्याच वर्षी टोरोंटोच्या व्यावसायिक संघाने पहिल्या दहांत निवडला. १९७८ साली वा त्यानंतर जन्मलेली ही मुले, म्हणजे देश फुटला तेव्हा तेरा वर्षांची किंवा त्याहूनही लहान. ज्यांनी आधीची वर्षे खालच्या गटांत घाम गाळला ते त्या सामन्याच्या वेळी विशीच्या पलीकडे गेलेले होते.

चेकोस्लोव्हाकियाची कहाणी याहून नाट्यमय आहे. १९९२च्या नाताळात तिचा कनिष्ठ संघ स्वीडनमधील येव्हले येथे स्पर्धेसाठी आला. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री त्या देशाचे अस्तित्व संपले. कसलीही झुंज नाही, रक्तपात नाही. दोन भाऊ समजुतीने वेगळे झाले. पण स्पर्धा ४ जानेवारीपर्यंत चालावयाची होती! तेव्हा नसलेल्या देशाचा पोशाख अंगावर घालून चेक आणि स्लोव्हाक मुले खांद्याला खांदा लावून खेळत राहिली आणि त्यांनी कांस्यपदक मिळविले. जगाच्या क्रीडेतिहासात अशी पदके फार नसतील.

पदक दोघांचे होते, स्थान मात्र एकाचेच राहिले. चेक प्रजासत्ताकाला माथ्याचा गट मिळाला आणि स्लोव्हाकियाला, बारा महिन्यांपूर्वी जगात तिसऱ्या आलेल्या संघातील अर्ध्या भावाला, १९९४ साली ‘क’ गटात बसविण्यात आले. स्लोव्हाकिया ‘क’मधून ‘ब’मध्ये आणि १९९५ साली ‘ब’मधून वर आला. १९९६ साली तो माथ्यावर खेळला. तीन वर्षांत तीन पायऱ्या! हिशेब करून पाहा. १९७४ साली जन्मलेल्या स्लोव्हाक मुलाच्या वाट्याला फक्त ‘क’ गट आला. १९७५ सालच्याला ‘ब’पर्यंत जाता आले. आपल्याच देशाच्या नावाने माथ्यावर उभे राहण्याचे भाग्य १९७६ साली वा पुढे जन्मलेल्यांचे. जन्म एक-दोन वर्षे अलीकडे-पलीकडे झाला, एवढाच काय तो भेद. १९९९ साली कॅनडातील विनिपेग येथे स्लोव्हाकियाने स्वतःच्या नावावर पहिले कांस्यपदक मिळविले, तेव्हा ते गळ्यात पडलेली मुले १९७९ आणि त्यानंतरची होती. येव्हले येथे भावंडे शेवटची एकत्र खेळली त्या दिवसांत ती तेरा वर्षांची किंवा त्याहूनही लहान असतील.

युरोपाबाहेरही या पायऱ्या होत्या, आणि तेथील अंतरे पाहून छाती दडपते. आशिया आणि ओशनिया यांच्यासाठी अठरा वर्षांखालील मुलांची एक स्पर्धा १९८४ ते २००२पर्यंत भरत असे. १९९८च्या स्पर्धेत दक्षिण कोरियाने थायलंडचा पराभव केला तो ब्याण्णव विरुद्ध शून्य गोलांनी. श्रोतेहो, आकडा ऐकण्यात चूक झालेली नाही, ब्याण्णवच. साठ मिनिटांच्या खेळात ब्याण्णव वेळा चकती जाळ्यात गेली आणि ब्याण्णव वेळा ती थाई मुले मध्यरेषेवर येऊन पुन्हा उभी राहिली. मौजेच्या विक्रमांच्या यादीत हा सामना नेहमी सांगितला जातो. मला त्यात मौजेपेक्षा दुसरेच काही दिसते. उष्ण कटिबंधातील त्या देशाने त्या दिवसानंतर खेळ सोडला नाही.

वर उल्लेखिलेल्या वयाच्या नियमाचा सर्वांत कठोर प्रत्यय मात्र अलीकडे आला. २०२०च्या महामारीत महासंघाने २०२१ सालच्या खालच्या सर्व विभागांच्या कनिष्ठ स्पर्धा रद्द केल्या. माथ्याच्या दहा संघांची स्पर्धा तेवढी कॅनडातील एडमंटन येथे, बाहेरच्या जगाशी संपर्क तोडून आणि प्रेक्षकांविना, पार पडली. तिच्यामागे दूरचित्रवाणीचे उत्पन्न उभे होते. तळच्या स्पर्धांमागे कोण उभे राहणार? निर्णय व्यवहाराचा होता आणि मी त्याला नावे ठेवणार नाही. परंतु २००१ साली जन्मलेल्या, खालच्या विभागांतील प्रत्येक मुलाचे ते शेवटचे वर्ष होते. त्याला पराभवसुद्धा मिळाला नाही. स्पर्धा पुढल्या वर्षी परत आल्या, पण त्याच्यासाठी नव्हे.

आणि मग हर्शोल्म. डेन्मार्कमधील या गावी डिसेंबर २०२१ मध्ये पहिल्या विभागाची वरची स्पर्धा झाली. बेलारूस पहिला आला, लाटव्हिया दुसरा. नियमाप्रमाणे वर जाण्याचा हक्क एकट्या बेलारूसचा होता आणि लाटव्हियाची मुले रिक्त हस्ते घरी परतली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाचे सैन्य बेलारूसच्या भूमीवरूनही युक्रेनमध्ये शिरले, आणि २८ तारखेस महासंघाने रशिया व बेलारूस या दोघांनाही स्पर्धांतून वगळले. शहरांवर तोफा डागणाऱ्या राज्यांची निशाणे क्रीडांगणावर फडकू नयेत, हे मला मान्य आहे. युक्रेनच्या मुलांची क्रीडांगणे ज्या काळात उद्ध्वस्त होत होती त्या काळात दुसरे काही करणे शोभलेही नसते. तरीपण हर्शोल्मला जिंकलेली ती बेलारूसी मुले कोणत्या युद्धसभेत बसली होती? त्यांच्यातील २००३ सालची मुले पुढच्या वर्षी माथ्यावर खेळली असती. त्यांचा जिना त्यांच्या पावलांखालून काढून घेतला गेला, आणि तो परत लावला गेला तरी ती आता त्यावर चढू शकणार नाहीत.

रिकाम्या झालेल्या जागेवर लाटव्हियाला बोलाविण्यात आले. त्या वर्षीची माथ्याची स्पर्धा महामारीमुळे मध्येच थांबवून ऑगस्टमध्ये एडमंटन येथे नव्याने भरविण्यात आली होती. तेथे रशियाच्या जागी लाटव्हिया उतरला आणि इतिहासात प्रथमच उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. तेथे स्वीडनने त्याला अवघ्या एका गोलाने हरविले. या वेळी नियमाने, कधी नव्हे ते, थोडी दया दाखविली होती. २००२ साली जन्मलेल्या ज्या लाटव्हियन मुलांचे वय हर्शोल्मच्या बर्फावर सरल्यातच जमा होते, त्यांना स्पर्धा लांबल्यामुळे त्याच वर्षी माथ्यावर खेळावयास मिळाले.

त्यानंतर लाटव्हियाने आपली जागा राखली. २७ डिसेंबर २०२४ रोजी ओटावा येथे, यजमान कॅनडाच्या भरगच्च प्रेक्षागारात, लाटव्हियाच्या कनिष्ठ संघाने कॅनडाला तीन विरुद्ध दोन असे हरविले. बरोबरी फुटेना म्हणून एकेका खेळाडूने गोलरक्षकासमोर जाऊन निकाल लावला. त्या संघातील कोणीही २००५ सालापूर्वी जन्मलेला नव्हता.