ताब्याचा हुकूमनामा व त्याची अंमलबजावणी

जमीन वा घर यांचा कब्जा विशिष्ट पक्षास देण्यात यावा, असा दिवाणी न्यायालयाचा अंतिम निर्णय म्हणजे ताब्याचा हुकूमनामा होय. तो मिळणे व कब्जा मिळणे या भिन्न गोष्टी आहेत. हिंदुस्थानातील दावेदाराच्या अडचणी हुकूमनाम्यानंतर सुरू होतात, या आशयाचा अभिप्राय प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये दिला होता. पुणे जिल्ह्यातील मावळ भागाच्या इतिहासात याचा प्रत्यय येतो.

मराठी अंमलात वतन व जमिनीचे तंटे गोतसभेपुढे चालत. हरलेला पक्ष येजितखत लिहून देई. निर्णयामागे गोताचे व गावाचे दडपण असे. १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनंतर अंमलबजावणी न्यायालयाच्या कर्मचाऱ्यांमार्फत होऊ लागली. सावकारांना एकतर्फी हुकूमनामे सहज मिळू लागले. जमीन सावकाराच्या नावे होई. पूर्वीचा मालक मात्र कूळ म्हणून तीच जमीन कसत राही. मे १८७५ मध्ये सुपे येथे सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी रोखे व हुकूमनामे जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम झाला.

मुळशी पेट्यात १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या सत्याग्रहात या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. टाटांच्या जलविद्युत् प्रकल्पासाठी सरकार जमिनी संपादन करीत होते. त्यांपैकी बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. मालकास मोबदला मिळत असे. कसणाऱ्याचा ताबा तेवढा जाई. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने मामलेदाराच्या आदेशाशिवाय कुळाकडून ताबा घेण्यास मनाई केली. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून बहुसंख्य कुळे कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानली गेली.

घरांचा प्रश्न शहरी वस्तीबरोबर वाढला. भोर घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाल्यावर लोणावळ्याची वाढ झाली. भाडे नियंत्रणाचा १९४७ चा मुंबई अधिनियम व ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेला १९९९ चा महाराष्ट्र अधिनियम यांनी निष्कासनाची कारणे मर्यादित केली. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी व्याज व खर्चासह भरणाऱ्या आणि पुढेही नियमित भाडे देणाऱ्या भाडेकरूस केवळ थकबाकीसाठी काढता येत नाही. मालकास जागेची खरी गरज असली, तरी अधिक हाल कोणाचे होतील हे न्यायालयास पाहावे लागते.

अंमलबजावणीसाठी हुकूमनामाधारक दरखास्त दाखल करतो. मुदत १२ वर्षांची असते. मावळ तालुक्याचे दिवाणी न्यायालय वडगाव येथे आहे. ताब्याचे वॉरंट निघाल्यावर बेलिफ जागेवर जातो व पंचांसमक्ष कब्जा देतो. हुकूमनाम्याने बांधलेली व्यक्ती जागा सोडत नसल्यास तिला हलविता येते. प्रवेश नाकारल्यास रीतसर सूचना देऊन, तसेच पडदानशीन स्त्रियांना बाहेर पडण्याची सोय देऊन कुलूप काढता येते वा दार फोडता येते. जागेत राहण्याचा हक्क असलेले व हुकूमनाम्याने न बांधलेले कूळ असेल, तर वॉरंटाची प्रत दर्शनी जागी लावून व दवंडी पिटून केवळ प्रतीकात्मक ताबा दिला जातो.

पोटभाडेकरू वा अन्य व्यक्तींनी हरकत घेतल्यास कार्यवाही लांबते. अशा हक्कांच्या निर्णयासाठी पूर्वी स्वतंत्र दावा लावावा लागे. १९७६ च्या दुरुस्तीने ते प्रश्न दरखास्तीतच निकालात काढण्याची तरतूद झाली. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. विलंबाने हुकूमनामा निरर्थक होतो. घाईने हक्कदार माणूस बेघर होतो. त्यामुळे नोटीस, हरकतीची सुनावणी व पंचनामा हे टप्पे केवळ उपचार नसून दोन्ही पक्षांचे संरक्षण ठरतात.